जुन्या व्हॅनचा ब्रेक होज

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅडलवरचा दाब मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोहोचतो. बहुतेक वाट धातूच्या नळ्यांची असते. पण चाके वर-खाली होतात, पुढची चाके वळतातही. म्हणून शेवटचा तुकडा रबरी होजचा असतो. त्याच्या आत रबराची नळी, त्यावर विणलेल्या धाग्यांचे थर आणि बाहेर रबराचे आवरण असते.

1984 साली बाजारात आलेल्या आणि 2019 साली उत्पादन थांबलेल्या मारुती ओम्नीसारख्या व्हॅनमध्ये आता हे रबर जुने झालेले असते. डहाणू-बोर्डीच्या खाऱ्या हवेत होजच्या टोकांचे नट गंजतात, पावसाळ्यातला चिखल जोडांवर साचतो. तलासरीत महामार्गावरचा वेग आणि कासामार्गे जव्हारकडचा घाट ब्रेकची खरी परीक्षा घेतात.

बाहेरून भेगा, फुगवटा, ओलसर जोड किंवा चाकाला घासल्याची खूण दिसली की होज बदलावा. आतले बिघाड मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. आतली नळी सुजली, तर दाब चाकापर्यंत जातो पण परत येत नाही. पॅडल सोडल्यावरही ब्रेक धरून राहतो, चाक तापते आणि गाडी एका बाजूला ओढते. होज दाबाखाली फुगत असेल, तर पॅडल स्पंजासारखे मऊ लागते. एका बाजूचा होज खराब झाला, तर त्याच वयाचा दुसऱ्या बाजूचाही बदलणे शहाणपणाचे.

काम सपाट जागी करावे. जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर टेकवावी. चाक काढून जोड ब्रशने साफ करावेत. गंजलेल्या नटावर गंज सोडवणारे तेल लावून थांबावे. नट सोडवताना नटाला नीट बसणारा पाना वापरावा आणि होजचे टोक दुसऱ्या पान्याने धरावे, नाहीतर धातूची नळीच पिळली जाते. उघड्या तोंडांना लगेच रबरी टोपी लावावी. कॅलिपरच्या टोकाला पोकळ बोल्ट असल्यास तांब्याचे वायसर नवेच घालावेत. नवा होज त्याच लांबीचा असावा, पीळ न देता बसवावा. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून तो कुठे ताणत किंवा घासत नाही ना, हे पाहावे.

यानंतर नळ्यांत शिरलेली एअर काढावी. एकाने पॅडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाच्या ब्रेकवरचा एअर काढायचा निपल सैल करून बुडबुड्यांसह ऑइल बाहेर काढावे. निपल बंद केल्यावरच पॅडल सोडावे. ब्रेक ऑइलची टाकी मध्येच रिकामी झाली, तर सगळ्या चाकांची एअर गाडीच्या पुस्तिकेतील क्रमाने काढावी लागते. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच, नवे आणि बंद डब्यातले असावे. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषते: नव्या डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, ठरावीक पाणी शोषल्यावर तो 140 पर्यंत घसरू शकतो. घाट उतरताना तापलेल्या ऑइलमध्ये वाफ झाली, की पॅडल खाली जाते पण ब्रेक लागत नाही. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नये. त्याने रबर सुजते. ब्रेक ऑइल रंगावर सांडले, तर लगेच पाण्याने धुवावे.

शेवटी पॅडल जोरात दाबून धरावे आणि प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून गळती पाहावी. पॅडल घट्ट लागले, तरच मोकळ्या जागेत हळू वेगात ब्रेक तपासावा आणि काही दिवसांनी जोड पुन्हा पाहावेत.