आधी काटा, मग पाटा

कोल्हापूरच्या वेशीबाहेर, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून हे पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, दुकान आहे. दारात ट्रकचे जुने पाटे थप्पी लावून ठेवलेत, आत भट्टी पेटलेली आहे, आणि उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मध्ये एक पांढरी बस उभी आहे. एके काळी कारखान्याच्या कामगारांना नेणारी ही बस आता एका निवृत्त शिक्षक जोडप्याचं फिरतं घर आहे. सीटा निघाल्या, त्या जागी पलंग, ओटा, न्हाणीघर आलं. खिडक्यांना बाईंनी स्वतः शिवलेले पडदे आहेत. आणि हे सगळं घर उजवीकडे कललेलं आहे.

सर मिस्त्रींना तक्रार सांगतायत. आंबा घाटात डाव्या वळणाला गाडी उजवीकडे इतकी झुकते की बाई पलंगाचा दांडा घट्ट धरून बसतात. स्पीडब्रेकर ओलांडला की मागून ‘धाड’ असा आवाज येतो. उजवीकडचे टायर लवकर झिजतात. उपायही सरांनी ठरवून आणलाय : उजव्या बाजूला एक पाटा वाढवायचा.

मिस्त्री सगळं ऐकून घेतात. मग म्हणतात, “वाढवतो की सर. पण आधी काटा, मग पाटा. पाण्याची टाकी भरलीय काय?”

“नाही, रिकामी आहे. वजन कमी राहावं म्हणून.”

“मग भरा. फिरायला निघताना रिकामी न्हेता काय?”

टाकी भरेपर्यंत मिस्त्री टेप काढतात. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी माप घेतात. मागे उजवी बाजू डावीपेक्षा सहा सेंटीमीटर खाली आहे. मग पुढच्या चाकाच्या हबपासून मागच्या चाकाच्या हबपर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंनी. उजवीकडे ते थोडं जास्त भरतं. मिस्त्री काही बोलत नाहीत, खडूने टायरवर आकडा लिहून ठेवतात.

वजनकाटा जमिनीच्या पातळीतलाच हवा, चढावर बांधलेला नको, असं म्हणून ते आम्हाला जरा लांबच्या काट्यावर घेऊन जातात. कारण तिथं गेल्यावर कळतं. ट्रकवाले पूर्ण गाडी काट्यावर चढवतात. इथं मिस्त्री आधी नुसती पुढची चाकं चढवायला लावतात, मग नुसती मागची, आणि मग फक्त उजवी चाकं काट्यावर, डावी बाहेर सपाट जमिनीवर. काट्याशेजारचा भाग उंच असता तर गाडी तिरकी झाली असती आणि आकडा फसवा आला असता. चिठ्ठ्या निघतात. पुढे ३,१५० किलो, मागे ६,२५०. उजवी बाजू ५,२४०, डावी ४,१६०. एका बाजूला दुसरीपेक्षा हजार किलोंहून जास्त भार.

सर चिठ्ठी हातात धरून उभेच राहतात. मग बोटं मोजत हिशेब करतात. पाण्याची टाकी ५०० लिटरची, म्हणजे भरल्यावर पाणीच ५०० किलो. ती उजवीकडे. बॅटऱ्या चार, जवळपास साठ-साठ किलोंच्या. त्याही उजवीकडे, टाकीमागे, कारण वायरिंग जवळ पडतं. ओटा उजवीकडे, वर ग्रॅनाइट. फ्रीज ओट्याला लागून. प्रत्येक वस्तू सोयीच्या जागी बसवली गेली आणि सगळ्या सोयी एकाच बाजूला जमल्या. कामगारांची बस भरलेली असायची तेव्हा माणसं दोन्ही बाजूंना बसायची आणि थांब्यावर उतरून जायची. घराचं वजन उतरत नाही. गाडी अंगणात उभी असतानाही ते उजव्या पाट्यांवर बसलेलं असतं.

दुकानात परत येताच मिस्त्री गाडीखाली वाकून मागच्या दोन्ही शॉक अॅब्सॉर्बरना हाताचा तळवा लावतात. मलाही लावायला सांगतात. डावा चांगला गरम लागतो, उजवा गार. शॉक काम करतो तेव्हा आतलं तेल तापतं. एवढा रस्ता करूनही जो गार राहिला, त्याने काहीच काम केलेलं नाही.

आता जॅक लागतो. मिस्त्री चासीखाली घोड्या लावल्याशिवाय पोराला खाली शिरू देत नाहीत. जॅक ऑइल सोडतो, घोडी सोडत नाही, हे ते त्याला दरडावून सांगतात. पोरगं मागचे पाटे डिझेलनं पुसतं. मिस्त्री लहान हातोडीनं एकेक पाटा वाजवतात. डावीकडचे खणखणतात. उजवीकडे तिसऱ्या पाट्यावर आवाज बद्द येतो. तिथं ते खडू फासतात आणि थांबतात. थोड्या वेळानं पांढऱ्या खडूवर एक काळी रेघ उमटते. भेगेत मुरलेलं डिझेल बाहेर येतंय.

पाटे अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट गॅसने कापून पाटे सुटे केल्यावर तो तिसरा पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकाजवळ, दोन तुकडे होऊन हातात येतो. मी तुकडा उजेडात धरून बघतो. मोडलेल्या तोंडाचा बराचसा भाग गंजून तपकिरी झालाय आणि कडेची अरुंद पट्टी चांदीसारखी चकचकीत आहे. म्हणजे भेग फार पूर्वीची आहे. ती गुपचूप वाढत गेली आणि उरलेला कोपरा हल्लीच तुटला. सेंटर बोल्टही झिजून अर्धा झालाय. यू-बोल्ट ढिले पडले की पाटे एकमेकांवर घासतात, सगळा ताण भोकापाशी येतो आणि पाटा तिथंच मोडतो. बोल्ट झिजला की अॅक्सल जागेवरून सरकतो. टायरवर खडूने लिहिलेल्या आकड्याचा अर्थ आता लागतो. शॅकलची पिन मिस्त्री हाताने हलवतात, ती बुशमध्ये खुळखुळते. स्पीडब्रेकरवरच्या आवाजात तिचाही वाटा आहे.

सर विचारतात, “मिस्त्री, हे सगळं काढून बलूनच लावले तर? एअर सस्पेन्शन?”

“गाडी सरळ दिसंल सर. लेव्हलिंग वाल्व उजवीकडं जादा हवा भरंल. पण टायरवरचं वजन तेवढंच ऱ्हाणार, ब्रेकवरचंबी. मग कललेलं दिसणारबी न्हाय तुम्हाला.”

माझ्या मते दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं बोलणं हेच. वाढवलेला पाटासुद्धा तेच करतो : गाडी उचलतो, पण भार जिथल्या तिथं ठेवतो आणि पुढचा धक्का शेजारच्या पाट्याला देतो.

तिसरा पाटा दोन्ही बाजूंना नवा बसतो, म्हणजे जोडी सारखी राहते. बसकण मारलेले बाकीचे पाटे भट्टीत तापवून त्यांना पुन्हा कमान द्यायची, तेलात विझवायचे आणि पुन्हा बेताने तापवून त्यांचा ठिसूळपणा काढायचा. या शेवटच्या पायरीची घाई केली तर पाटा एक तर तुटतो, नाही तर महिन्याभरात बसतो, म्हणून मिस्त्री भट्टीपासून हलत नाहीत. पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस. शॉक जोडीने नवे, पिना-बुश नवे, यू-बोल्ट नवे. ते तिरपे-आलटून आवळले जातात आणि शेवटचा पीळ गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावरच दिला जातो.

टाकी मधोमध येते, बॅटऱ्या डावीकडच्या पेटीत जातात. ग्रॅनाइट काढायला बाई तयार नाहीत. “ओटा माझा आहे,” एवढंच म्हणतात. मिस्त्री हसून ते मान्य करतात. पुन्हा काट्यावर जातो. आता दोन्ही बाजूंमध्ये शंभर किलोंचा फरक उरलाय.

सरांचे कागद चोख आहेत. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, गाडीच्या बांधणीत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते, आणि ती सगळी फाइल ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवलेली आहे. उजव्या-डाव्या बाजूच्या वजनाच्या चिठ्ठ्या तिच्यात आज पहिल्यांदा जातायत. तुम्ही बसचं घर करून घेणार असाल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी टाक्या काठोकाठ भरून गाडी काट्यावर न्या, चारही बाजूंचं वजन तुमच्यासमोर करून घ्या आणि चिठ्ठ्या मिळाल्यावरच पैसे द्या. गाडी घेतल्यावर पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला विसरू नका.