पुण्यात पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना एका प्रॅक्टिकलमध्ये माझा थर्मामीटर ९८.५ च्या वर चढेना. शाळेत ज्याला चंचुपात्र म्हणायचो आणि कॉलेजात ज्याचा बीकर झाला, त्यात पाणी खळाखळा उकळत होतं. सरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "थर्मामीटर जुना झालाय. शंभर लिहा आणि पुढं चला." मी शंभर लिहिलं. जर्नलवर सही झाली, दहापैकी नऊ मिळाले.

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. इथं हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. दाबाचा धडा मला पाठ होता, त्यावरची गणितंही मी सोडवली होती. पण तो धडा आणि समोरचा बीकर यांची कधी गाठ पडली नाही. थर्मामीटर बरोबर होता, हे कळायला सहा वर्षं लागली आणि त्यासाठी केंब्रिजला जावं लागलं.

तिथं मी शिकले तो विषय म्हणजे विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान. घरी हे सांगितलं तेव्हा आईच्या भिशीतल्या एका काकूंना वाटलं, पोरगी सायन्स सोडून आर्ट्सला गेली. दुसऱ्या काकूंनी तत्त्वज्ञान हा शब्द ऐकून हळूच विचारलं, "म्हणजे अध्यात्म का गं?" त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे दहावीनंतर मुलांचं जे शास्त्र आणि कला असं वाटप होतं, त्यात हा विषय कुठल्याच पारड्यात बसत नाही.

केंब्रिजमधला हा विभाग फ्री स्कूल लेन नावाच्या एका बोळात आहे. बोळच म्हणायचा, आपल्या शनिवार पेठेतल्यासारखा. त्याच बोळात जुनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावला तो तिथं. डीएनएच्या रेणूची रचना उलगडली, १९५३ मध्ये, तीही तिथंच. आणि पलीकडच्या दाराआड आम्ही आठवडेच्या आठवडे वाद घालत होतो की इलेक्ट्रॉन खरोखर असतो, की तो आपल्या समीकरणांची सोय आहे. खरं सांगायचं तर या वादाने मला फार गुंतवलं नाही. एका संध्याकाळी बाहेर पडताना कॅव्हेंडिशच्या भिंतीकडे बघून ओशाळल्यासारखं झालं, एवढं आठवतं.

विभागाला लागून व्हिपल संग्रहालय आहे. रॉबर्ट व्हिपल हे केंब्रिजच्या वैज्ञानिक उपकरणं बनवणाऱ्या कंपनीतले. तरुणपणी ते चार्ल्स डार्विनचा मुलगा होरेस याचे मदतनीस म्हणून तिथं लागले आणि पुढे कंपनीच्या प्रमुखपदापर्यंत गेले. जुनी उपकरणं गोळा करायचा त्यांना नाद होता. १९४४ मध्ये त्यांनी हजारभर वस्तू विद्यापीठाला दिल्या. सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी, पितळी ॲस्ट्रोलेब, छोटी सूर्यघड्याळं. सतराव्या शतकातल्या एका शाळेच्या दालनात, जुन्या लाकडी तुळयांखाली, हे सगळं मांडलं आहे. त्यांनी हौसेनं विकत घेतलेल्या वस्तूंपैकी काही नंतर बनावट निघाल्या. संग्रहालयाने त्या फेकून दिल्या नाहीत. बनावट वस्तू कुणी केली, कशासाठी केली, जाणकार का फसले, हाही तिथं अभ्यासाचा विषय आहे. मला हे फार आवडलं.

शिकवणं व्याख्यानांतून होतंच, पण खरं काम निबंधातून. निबंध लिहायचा, मग एका शिक्षकासमोर तासभर एकटीने बसायचं. पहिला निबंध मी प्रीस्टलीवर लिहिला. ऑक्सिजन ज्यानं १७७४ मध्ये वेगळा काढला, पण त्याला ऑक्सिजन न म्हणता 'फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा' म्हटलं, तो प्रीस्टली. मी लिहिलं होतं की हातात सत्य येऊनही त्याला ते ओळखता आलं नाही. समासात पेन्सिलीने एकच ओळ होती: हे त्याला कसं कळायला हवं होतं? तासभर मी त्या ओळीला उत्तर शोधत होते. प्रीस्टलीकडे प्रयोग होते, मोजमापं होती, आणि फ्लॉजिस्टनच्या कल्पनेने ज्वलन, गंजणं, श्वसन यांची बऱ्यापैकी संगती लागत होती. तो १८०४ मध्ये वारला तेव्हाही त्याने ती कल्पना सोडली नव्हती. मूर्ख होता म्हणून नव्हे.

पुढे जे बरोबर ठरलं त्याच्या पट्टीने मागच्यांना मोजायचं, याला हर्बर्ट बटरफील्ड या इतिहासकाराने १९३१ मध्ये 'व्हिग इतिहास' असं नाव दिलं. बटरफील्ड केंब्रिजचाच. विज्ञानाच्या इतिहासावरची त्याची व्याख्यानंही तिथंच झाली. मला मात्र वाचताना आपल्याकडचं आठवत होतं. आमच्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं म्हणणारे आणि पूर्वजांना काहीच कळत नव्हतं म्हणणारे, दोघे एकमेकांवर तुटून पडतात खरे, पण दोघांच्या हातातली पट्टी एकच असते, आजची.

आता पाण्याकडे येते. हासोक चँग हे या विभागातले प्राध्यापक. त्यांचं २००४ मधलं पुस्तक तापमान या कल्पनेवर आहे. ते वाचायला घेतलं आणि चार दिवस दुसरं काही सुचलं नाही. प्रश्न साधा आहे. पाणी ठरावीक तापमानाला उकळतं हे कशावरून? थर्मामीटरवरून. आणि थर्मामीटरवर खुणा कशाच्या आधारे केल्या? उकळत्या पाण्याच्या. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

सतराव्या-अठराव्या शतकात लोक या पेचात खरोखरच अडकले होते. स्थिर खूण म्हणून कुणी लोणी वितळतं तो बिंदू सुचवला, कुणी पॅरिसच्या वेधशाळेच्या खोल तळघरातला गारवा. उकळत्या पाण्याबद्दलही एकमत नव्हतं. न्यूटनने १७०१ मध्ये जी मापनश्रेणी दिली तीत पाणी उकळू लागतं तो आकडा ३३ आहे आणि जोरात उकळतं तो ३४. लंडनच्या जॉर्ज ॲडम्सने बनवलेल्या एका थर्मामीटरवर तर दोन वेगवेगळ्या खुणा आहेत. २०४ फॅरनहाइटला उकळायला लागतं, २१२ ला जोराने उकळतं.

हे मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग? दोनच कशा? आधी बुडाला मोहरीएवढे बुडबुडे धरतात. मग ते सुटायला लागतात. मग कडेनं उकळी फुटते, मग मधोमध. तांदूळ वैरायचे ते मधली उकळी आल्यावर." मी ते वहीत लिहून घेतलं. शंभर हा आकडा शिकल्यापासून मी आधणाकडे नीट पाहिलंच नव्हतं.

जिनीव्हाचा ज्याँ-आंद्रे द ल्युक मात्र पाहत बसला होता. घड्याळवाल्याचा मुलगा. त्याला वाटलं, आपण ज्याला उकळी म्हणतो त्यात पाण्यात विरघळलेल्या हवेचाही हात असणार. ती हवा काढून टाकली तर शुद्ध उकळी कशी दिसेल? हवा काढायला त्याने पाण्याचा फ्लास्क हलवायला घेतला आणि चार आठवडे हलवत राहिला. झोप आणि गावातली कामं सोडली तर फ्लास्क हातातून सुटला नाही. वाचताना हलव, लिहिताना हलव, पाहुणे आले तरी हलव. ते पाणी त्याने तापवलं तेव्हा उकळी न फुटता ते ११२ सेल्सियसच्या पुढे गेलं.

आणखी एक. फ्रान्समधला गे-ल्युसॅक याने पाहिलं की धातूच्या भांड्यात पाणी १०० ला उकळतं, काचेच्या भांड्यात मात्र १०१ च्याही थोडं वर. त्याच काचेच्या भांड्यात लोखंडाचा कीस टाकला की परत १००. कारण असं की वाफेच्या बुडबुड्याला सुरुवात करायला काहीतरी आधार लागतो. विरघळलेली हवा, पृष्ठभागावरचा खडबडीतपणा, एखादा कण. गुळगुळीत काचेत तो आधार कमी मिळतो. बीएस्सीला आम्ही डिस्टिलेशनच्या फ्लास्कमध्ये पोर्सिलेनचे तुकडे टाकायचो. टाका म्हणून सांगितलं होतं, टाकले. ते याचसाठी होते.

मग थर्मामीटरवरची उकळीची खूण ठरली कशी? रॉयल सोसायटीने १७७६ मध्ये सात जणांची समिती नेमली. हेन्री कॅव्हेंडिश हा शास्त्रज्ञ तिचा प्रमुख आणि द ल्युक एक सदस्य. पुढच्या वर्षी समितीने सांगितलं की थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवू नका, वर वाफेत धरा. पाणी भांड्यागणिक लहरी वागत असलं तरी वाफ त्यामानाने इमानी. त्या पेचातून माणसं अशीच पायरी-पायरीने बाहेर आली. आधी हाताला कढत-कोमट कळत होतं. त्यावरून ओबडधोबड नळ्या केल्या. मग त्याच नळ्यांनी हाताची चूक दाखवली. मग चांगल्या नळ्यांनी आधीच्या नळ्यांची. कुठल्याही पायरीवर पक्का पाया नव्हता आणि तरी जिना झाला. तत्त्वज्ञानाचा कंटाळा करणारी मी इथं मात्र सपशेल अडकले.

या विषयात प्रयोगांसारखाच परीक्षांचाही इतिहास येतो. केंब्रिज म्हटलं की मराठी माणसाला दोन नावं आठवतात, रँग्लर परांजपे आणि नारळीकर. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकावर. हा पहिला क्रमांक कसा घडायचा, यावर अँड्र्यू वॉरविक या इतिहासकाराचं पुस्तक आहे. तो घडायचा खाजगी शिकवणीत. एडवर्ड राउथ नावाच्या शिक्षकाने एकट्याने दोन डझनांहून जास्त सीनियर रँग्लर तयार केले. ठरलेली गणितं, ठरलेल्या वेळात, पुन्हा पुन्हा. राउथ स्वतः १८५४ चा पहिला, आणि त्या वर्षीचा दुसरा होता जेम्स क्लार्क मॅक्सवेल. थोडक्यात, क्लासेस ही काही लातूर-कोट्याची देणगी नव्हे. अलौकिक बुद्धीच्या गोष्टींमागे वह्या, सराव आणि फी असते, हे वाचून मला परांजप्यांबद्दलचा आदर कमी नाही, उलट वाढल्यासारखा वाटला.

पुढे काय, हा प्रश्न मला विमानतळापासून विचारला गेला. सोबतचे कुणी संग्रहालयात गेले, कुणी प्रकाशनात, एक जण वकिलीला. आपल्याकडे या नावाचे विभाग शोधावे लागतात. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते.

परवा पहिल्या वर्षाची एक मुलगी जर्नल घेऊन आली. उत्कलनबिंदूच्या रकान्यात आधी ९९ लिहून खोडलं होतं आणि शेजारी १००.

"हे का खोडलंस?"

"मॅडम, पुस्तकात शंभर आहे."

"तुला किती दिसलं?"

"नव्व्याण्णव. पण थर्मामीटर जुना आहे ना."

मी तिला ९९ परत लिहायला लावलं. खाली पुण्याची उंची लिहायला सांगितली. दाबाचं गणित करून ती म्हणाली, "मॅडम, मग अठ्ठ्याण्णव यायला हवं. नव्व्याण्णव कसं आलं?"

"कशात उकळलंस?"

"बीकरमध्ये."

"तेही लिही. आणि उद्या येताना घरून स्टीलचं पातेलं घेऊन ये."