बाकड्यावरची स्क्रूची भोकं कशी झाकायची?

गटातून लाकडी बाकडी, खुर्च्या करणाऱ्या बायका आम्हाला हमखास विचारतात, "बाकडं छान होतं, पण वर स्क्रूची भोकं दिसतात. काय करायचं?"

भोक वाईट दिसतं, एवढ्यासाठीच ते झाकायचं नसतं. अंगणातलं बाकडं चार महिने पाऊस खातं. भोकात पाणी मुरलं की लोखंडी स्क्रू गंजतो, सागावर, बाभळीवर काळा डाग पडतो आणि लाकूड तिथूनच कुजायला लागतं. गिऱ्हाईक पहिलं बाकडं रूप बघून घेतं. दुसरं मागायला येतं ते पावसाळा सरल्यावर.

म्हणून पहिला उपाय असा, की वरून भोक पाडूच नका. बसायच्या पट्ट्या खालच्या आडव्या पट्टीतून, खालून स्क्रू मारून बसवा. टोक वर निघणार नाही, एवढी लांबी आधी मोजा.

जिथे वरूनच स्क्रू मारावा लागतो, तिथे आम्ही लाकडाचं बूच बसवतो. एक इंची फळीत 10 मिलिमीटर रुंद, 8 मिलिमीटर खोल खळगा करा. त्याच्या मधोमध बारीक भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आवळा. पदर खोचून, केस बांधूनच ड्रिल हातात घ्या.

बूच त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यातून काढा. त्यासाठी ड्रिलला लावायचा प्लग कटर मिळतो. गोल काठीचे तुकडे नकोत. त्यांचं कापलेलं तोंड पाणी जास्त पितं आणि काळं दिसतं. बुचाच्या रेषा फळीच्या रेषांना जुळवा. पाण्याने न सुटणारा गोंद लावून बूच हलकेच ठोका, एक दिवस वाळू द्या. वर आलेला भाग पटाशीने थोडा थोडा छाटा; एकदम छाटला तर बूच आतपर्यंत चिरतं. मग काचपेपर मारा आणि सगळ्या बाकड्याला तेल द्या.

भुसा आणि गोंद कालवून भोक बुजवणं घरातल्या वस्तूला चालतं. बाहेर लाकूड फुगतं, आकसतं आणि ते भरण तडकून निघतं.

पुढच्या बैठकीत एका टाकाऊ फळीवर दोन्ही प्रकार करून बघा आणि फळी पावसात ठेवा. आणि हो, बुचाला लागणारा वेळ बाकड्याच्या किमतीत धरायला विसरू नका. ती आपली मजुरी आहे.