भिंतीवरची बैठक

धारचे आमचे राहते घर गेल्या मार्गशीर्षात विकले गेले. वाटणीत माझ्याकडे देवासला एक पेटी, दोन तानपुरे आणि एकतीस तसबिरी आल्या. वाद्यांना जागा झाली. तसबिरींसाठी मात्र एकच भिंत मोकळी होती, शिकवणीच्या खोलीतली, नऊ फुटांची. महिनाभर त्या सतरंजीत गुंडाळून पलंगाखाली पडून होत्या.

धारच्या बैठकीत त्या कशा लागलेल्या होत्या हे जुन्या घरांतून वाढलेल्या वाचकांना सांगायला नको. आढ्याखाली हातभर अंतरावर लाकडी पट्टी, तिच्यात खिळे, आणि दोरीवर पुढे झुकलेली तसबिरींची रांग. माझे विद्यार्थी विचारतात, त्या अशा तिरप्या का लावीत? पाहणारा जमिनीवर, लोडाला टेकून बसलेला असे. उंचावरची तसबीर त्याच्याकडे वाकली तरच चेहरा दिसणार. नाहीतर काचेत समोरचा दरवाजा तेवढा दिसायचा. शिवाय मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, म्हणून सारा भार पट्टीवर.

रांगेतही क्रम असे. मधोमध राजा रविवर्म्याची सरस्वती. 1894 साली त्यांचा मुंबईचा छापखाना सुरू झाला आणि राजवाड्यातल्या देवता आमच्यासारख्यांच्या घरी आल्या. आमच्या सरस्वतीच्या पातळाला आजीने खरी जर आणि टिकल्या शिवल्या आहेत. ती हौस तेव्हा घरोघर होती. तिच्या उजव्या हाताला महाराज, मग गुरुजन, मग घरचे कर्ते पुरुष. बायका माजघराच्या दाराशी.

महाराजांच्या खाली 1947 च्या दसऱ्याचा दरबारी समूहफोटो होता. पुढच्या वर्षी संस्थान मध्यभारतात विलीन झाले. नाना तेव्हा एकोणीस वर्षांचे, नुकतेच नेमणुकीवर आलेले गवई. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. फोटोखाली 'बसलेले' आणि 'उभे' अशी नावे छापली आहेत. नाना मागच्या रांगेत टोकाला उभे आहेत, आणि त्यांच्या जागी नुसते 'गवई' एवढेच छापले आहे. त्यांच्या शेजारच्या हुजऱ्यालाही नाव आहे! नानांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तो फोटो मात्र ते दर दसऱ्याला स्वतः पुसत.

माझे थोरले बंधू म्हणाले, "तो मधोमध लाव. घराण्याचा मान आहे तो." मी म्हणालो, "दादा, ज्यात नानांचे नाव नाही तो मान कसला?" त्यानंतर पंधरा दिवस आमचे बोलणे नव्हते.

देवासात असल्या मानापानाची सवय आहे म्हणा. एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदली, तेव्हा कोणाची तसबीर वर हा प्रश्न इथल्या भिंतींनी पाहिला असेलच. पण याच गावात रजब अली खाँसाहेब राहिले, आणि 1948 साली हवापालटासाठी आलेले कुमार गंधर्व कायमचे इथले झाले. माझ्या काही शिष्यांच्या घरी आता भिंतीवर एकटे कुमारजी आहेत, राजे नाहीत.

शेवटी मी सतरंजी जमिनीवर अंथरली, भिंतीएवढी जागा खडूने आखली आणि तसबिरी तिच्यावर मांडून पाहिल्या. हे आधी करावे. भिंतीला भोके पाडून शिकणे महाग पडते. एकतीसमधल्या एकोणीसच ठेवल्या. मोठ्या मध्याकडे, लहान कडेला, खालच्या कडा एका सुतात. मढवणाऱ्याने दोन गोष्टी शिकवल्या: फोटो काचेला टेकू देऊ नये, मध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी, नाहीतर पावसाळी दमटपणात तो काचेला चिकटतो, आणि तसबिरीमागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे भिंतीची ओल धरत नाही. आमचे दोन फोटो तसे चिकटून गेलेच होते.

आईचा स्वतंत्र फोटो नव्हताच. ताईच्या लग्नातल्या समूहफोटोत ती कोणाच्या तरी फेट्याआड अर्धी उभी आहे. तेवढाच भाग मोठा करून घेतला. खांद्यापाशी फेट्याची कडा अजून दिसते; ती पुसू नका म्हणून मीच सांगितले.

सरस्वती मध्ये राहिली. दरबारचा फोटो खालच्या ओळीत, तानपुरा घेऊन बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लावला. काचेखाली, 'गवई'च्या शेजारी, नानांचे पूर्ण नाव मी बोरूने लिहून चिठ्ठी बसवली. शेजारी आई.

पाडव्याला दादा आले. उभ्यानेच भिंत पाहिली, मग बसले, चष्मा काढून चिठ्ठी वाचली. चहा येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईची जरा खाली घे. नानांच्या बरोबरीने येऊ दे."

तिचा खिळा दोन बोटे खाली मारला. वरचे भोक अजून बुजवायचे आहे.