आखेनहून पत्र : विद्यार्थी, विमा आणि पहिल्या महिन्यातली एक सही

आखेन (जर्मनी), ऑक्टोबर

विद्यापीठाचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू झालं, की आमच्या या सीमेवरच्या शहरात मराठी कानावर पडायला लागतं. बसमध्ये, किराणा दुकानाच्या रांगेत, खोली बघायला निघालेल्या चौघा-पाचांच्या घोळक्यात. पुणे-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरकडची मुलं इथल्या तंत्रविद्यापीठात मेकॅनिकल, ऑटोमोटिव्ह, कॉम्प्युटर शिकायला येतात. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आज सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या ४९ हजारांवर गेली होती. खोली, बँक, शहर कार्यालयातली नोंदणी या धावपळीत ज्या कागदाकडे मुलांचं आणि घरच्यांचं सर्वांत कमी लक्ष जातं, तो आरोग्यविम्याचा. आजचं पत्र त्याच्याविषयी आहे, कारण त्या कागदावरची सही शिक्षण संपेपर्यंत, कधी त्यानंतरही, मुलांच्या मागे राहते.

विम्याशिवाय इथे विद्यापीठात नाव दाखल होत नाही. विमासंस्था विद्यापीठाला परस्पर संगणकावर कळवते की हा विद्यार्थी विमाधारक आहे. हा निरोप पोचला तरच प्रवेश पक्का होतो. इथल्या सरकारी चौकटीतल्या विमासंस्थांना 'क्रांकेनकासे' म्हणतात. मुलं नुसतं 'कासे' म्हणतात. टेक्निकर, बार्मर, एओके ही त्यांतली मोठी नावं. एकूण संस्था नव्वदहून अधिक आहेत. त्या नफ्यासाठी चालत नाहीत आणि देशातल्या दर दहांपैकी जवळपास नऊ माणसं त्यांच्यात असतात. बिस्मार्कने १८८३ साली कामगारांसाठी जो कायदा केला त्यातून ही व्यवस्था उभी राहिली. विद्यार्थ्यांना सक्तीने तिच्यात घेतलं गेलं ते १९७५ साली, आणि पदवी किंवा मास्टर्सला नाव घातलेल्या परदेशी विद्यार्थ्यालाही तोच नियम लागू झाला. वयाची अट तिशीची.

हप्ता महिन्याला साधारण १४० ते १५० युरो पडतो. व्हिसासाठी बँकेच्या बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. म्हणजे जवळपास सातवा हिस्सा विम्यालाच जातो. कर्ज काढून पाठवणाऱ्या आईबापांना हा आकडा टोचतो, आणि टोचणारच. पण नोकरदाराला त्याच्या पगाराच्या प्रमाणात भरावं लागतं, तिथे विद्यार्थ्यासाठी मुद्दाम सवलतीचा दर ठेवलेला आहे. तेवीस वर्षं पूर्ण झाली की हप्ता थोडा वाढतो, कारण त्याला जोडलेल्या वृद्धापकाळ-शुश्रूषेच्या विम्यात मूलबाळ नसलेल्यांनी थोडं जास्त भरावं असा कायदा आहे. वाढदिवसानंतरच्या महिन्यात या वाढीचं पत्र आलं की मुलं गोंधळतात.

गेल्या आठवड्यात एका मुलीबरोबर कासेच्या कार्यालयात गेले होते. सांगलीकडची, मास्टर्सला आलेली. टेबलावर फॉर्म, आणि शेजारी फोनवर आई. "अगं, आपण वर्षाची पॉलिसी काढलीय ना? मग परत कशाला पैसे भरायचे?" आईचा प्रश्न रास्त होता. निघण्याआधी व्हिसासाठी प्रवासविमा लागतोच, आणि तो नाव दाखल होईपर्यंतच्या दिवसांपुरता उपयोगीही असतो. पण विद्यापीठाला तो चालत नाही. मुलीने पर्समधून ती पॉलिसी काढली, मी बारीक अक्षरांतलं पान वाचलं. आधीपासून असलेले आजार वगळून, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मुलीला लहानपणापासून मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं. ज्या गोष्टीसाठी तिला विमा हवा, तीच त्या पॉलिसीत नव्हती.

कासेचा फॉर्म तिने दोनदा उलटून पाहिला आणि मला हळूच विचारलं, "काकू, यात आजारांचा रकाना कुठाय?" तो नसतोच. तुम्हाला काय झालंय, घरात कोणाला काय होतं, हे कासे विचारत नाही आणि त्यावरून नाकारतही नाही. रोज दहा किलोमीटर पळणारा मुलगा आणि इन्सुलिन घेणारी ही मुलगी सारखाच हप्ता भरतात. मला या व्यवस्थेत सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर ते हेच. धडधाकट मुलाने भरलेले पैसे वाया गेले असं त्याला वाटतं. ते त्याच वर्गातल्या कोणाच्या तरी इन्सुलिनला लागलेले असतात.

आता धोक्याची जागा. ज्याला कासे नको असेल त्याला खाजगी विमा घेता येतो. त्यासाठी कासेकडूनच सुटका मागावी लागते, विमा सक्तीचा झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. खाजगी पॉलिसी महिन्याला तीस-चाळीस युरोंतही मिळतात, सीनियर मुलं सांगतात, एजंट लिंक पाठवतात, आणि वाचलेले शंभर युरो डोळ्यांसमोर दिसतात. जे कोणी सांगत नाही ते असं, की ही सुटका मागे घेता येत नाही. ते शिक्षण चालू असेपर्यंत विद्यार्थी म्हणून कासेत परत येण्याची वाट बंद होते. दुसऱ्या सत्रात काही गंभीर निघालं, स्वस्त पॉलिसीने हात वर केले, तरी कासे घेणार नाही. स्वस्त पॉलिसींत बहुधा मानसोपचार नसतात किंवा नावापुरते असतात, आधीचे आजार नसतात, दातांवर मर्यादा असते; आणि बहुतेक वेळा बिल आधी स्वतः भरून नंतर परतावा मागावा लागतो. खाजगी विमा सरसकट वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. तिशी ओलांडून आलेल्यांना, भाषेचा कोर्स करायला किंवा विद्यापीठाआधीच्या पूर्वतयारी वर्गाला आलेल्यांना बहुधा तोच घ्यावा लागतो. त्यांनी अटी नीट वाचून, थोडा महाग पण भरवशाचा घ्यावा. पण ज्याला कासेचं दार उघडं आहे त्याने महिन्याच्या शंभर युरोंसाठी ते आपल्या हाताने लावून घेऊ नये, हे मी भेटेल त्याला सांगते.

कासेचं कार्ड काय करतं, हे गेल्या हिवाळ्यात जवळून पाहिलं. कोल्हापूरकडच्या एका मुलाच्या पोटात रात्री दुखायला लागलं. रूममेटने ११२ला फोन केला, ॲम्ब्युलन्स आली, पहाटे अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. दाखल करताना कार्ड यंत्रात घातलं, कोणी डिपॉझिट मागितलं नाही. तिकडे वडील फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होते, किती पाठवू, आत्ता किती भरायचेत? आपल्याकडे काउंटरवर पैसे भरल्याशिवाय ऑपरेशन लागत नाही, हे आयुष्यभर पाहिलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. मुलगा तिसऱ्या दिवशी घरी आला. काही आठवड्यांनी पत्रं आली: हॉस्पिटलचे दिवसाला दहा याप्रमाणे तीस युरो आणि ॲम्ब्युलन्सचे दहा. हे दिवसाचे दहा युरोसुद्धा वर्षात २८ दिवसांपुरतेच घेतात. औषधाच्या चिठ्ठीवर दर औषधामागे पाच ते दहा युरो द्यावे लागतात. बाकीचं कासे बघते.

इथवर वाचून कोणाला वाटेल की सगळं आलबेल आहे. तसं नाही. कार्ड असलं तरी डॉक्टर मिळवावा लागतो, आणि तो मिळवणं हेच इथलं खरं कष्टाचं काम आहे. आपल्याकडे ताप आला की संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन बसायचं, तासाभरात नंबर लागतो. इथे आधी आपल्या भागातला एक फॅमिली डॉक्टर गाठून ठेवायचा, 'हाउसआर्ट्स्ट'. पुष्कळ ठिकाणी नवे पेशंट घेणं बंद आहे असं उत्तर मिळतं. तो तपासतो आणि गरज पडली तर स्पेशालिस्टकडे चिठ्ठी देतो. त्वचेच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरची वेळ दोन-तीन महिन्यांनंतरची मिळाली तर कोणी नवल करत नाही. डॉक्टरला इंग्रजी येतं, पण फोन उचलणाऱ्या बाईंना येईलच असं नाही. नव्या मुलाची पहिली अडचण तिथेच होते. म्हणून आजारी पडण्याची वाट न पाहता, पहिल्याच महिन्यात आपल्या भागातल्या दवाखान्यात जाऊन नाव घालून यावं.

दवाखाने बंद असताना, रात्री किंवा शनिवार-रविवारी, ११६११७ या नंबरवर ड्यूटीवरच्या डॉक्टरची सोय होते, आणि स्पेशालिस्टची वेळ मिळवून द्यायलाही तोच नंबर कामी येतो. जीव धोक्यात असेल तर मात्र ११२. हा फरक मुलांना माहीत नसतो. साध्या तापाने हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जाऊन बसतात आणि पाच-सहा तास ताटकळतात. रविवारी औषधाची दुकानं बंद असतात. पाळीपाळीने एखादंच उघडं राहतं, दारावर त्याचा पत्ता चिकटवलेला असतो, आणि रात्रीच्या वेळी औषध घेतलं तर अडीच युरो जास्त पडतात.

इथल्या डॉक्टरांविषयी एक तक्रार दरवर्षी ऐकू येते: "काही दिलंच नाही हो, चहा पी आणि झोप म्हणाले." साध्या सर्दी-तापाला इथे इंजेक्शन नाही, अँटिबायोटिक नाही, सलाईन तर नाहीच. आठवडाभर विश्रांती आणि कॉलेजला किंवा कामावर न जाण्याचं सर्टिफिकेट. या बाबतीत मी डॉक्टरांच्या बाजूची आहे. आपल्याकडे अँटिबायोटिक चण्या-फुटाण्यांसारखी खाल्ली जातात, आणि मुलं येताना बॅगेत स्ट्रिपच्या स्ट्रिप घेऊन येतात. पण वेळ मिळायला लागणाऱ्या महिन्यांचं समर्थन मला करता येत नाही. दुखणं सहन करत थांबलेल्या माणसाला शेवटी सगळं फुकट होणार आहे हे सांगून बरं वाटत नाही.

दात आणि डोळे ही वेगळीच गोष्ट. दाताची तपासणी आणि साधं फिलिंग कासेत बसतं, पण कॅपला निम्म्याच्या आसपास स्वतःचे पैसे जातात, आणि मोठ्यांच्या चष्म्याला सहसा काहीच मिळत नाही. निघण्याआधी घरीच दात दाखवून घ्यावेत आणि चष्म्याचा एक जोड जास्तीचा करून आणावा. जुन्या आजाराची फाइल, औषधांची मूळ नावं लिहिलेलं डॉक्टरचं इंग्रजी पत्र आणि लसीकरणाचा कागद हेही बरोबर असावं. व्यापारी नावाने औषध इथे सापडत नाही.

हप्ता चुकवू नये, हेही सांगायला हवं. पार्टटाइम काम सुटलं की मुलं आधी विम्याचाच हप्ता थांबवतात. दोन महिन्यांची थकबाकी झाली की तातडीच्या उपचारांपलीकडचं सगळं बंद होतं, आणि कासेने विद्यापीठाला कळवलं तर पुढच्या सत्राची नोंदणीही अडू शकते. अडचण असेल तर कासेला आधीच लिहावं, हप्ते पाडून मिळतात. आणि शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो तेव्हा विद्यार्थ्याचा सवलतीचा दर राहत नाही, महिन्याला दोनशे युरोंच्या पुढे जातात. कासेत असलेल्याला ते भरून आत राहता येतं. पहिल्या महिन्यात सुटका घेतलेल्याला या काळातही बाहेरच राहावं लागतं. नोकरी लागली तरच दार पुन्हा उघडतं.

एक गोष्ट मुलं घरी सांगत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इथे साडेचारला अंधार पडतो. पहिल्या परीक्षेत नापास झालेला, खोलीत एकटा, कर्जाच्या हप्त्याच्या विचाराने झोप न येणारा मुलगा फोनवर "सगळं मजेत" म्हणतो. कासेच्या विम्यात मानसोपचार पूर्ण धरलेले आहेत, पण थेरपिस्टची जागा मिळायला महिने लागतात. तोवरच्या काळासाठी 'श्टुडिरेंडेनवेर्क', म्हणजे वसतिगृहं आणि मेस चालवणारी जी संस्था असते, तिच्याकडे बहुतेक विद्यापीठांच्या गावी समुपदेशन मिळतं. ते गुप्त राहतं, पुष्कळ ठिकाणी विनामूल्य असतं आणि इंग्रजीतूनही होतं. त्याची नोंद गुणपत्रिकेवर येत नाही, व्हिसा कार्यालयाला कळत नाही, घरीही कोणी कळवत नाही. आईवडिलांनी निघतानाच हे मुलांना सांगून ठेवावं, आणि तिथे गेलास तर आम्हाला काही वाटणार नाही, हेही.