प्राथमिक शारीरिक शिक्षण : वर्धा व इंग्लंड

ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने आखलेल्या साडेपाच तासांच्या शालेय दिनक्रमात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, तर शारीरिक शिक्षणाला अवघी १० मिनिटे होती. इंग्लंडच्या १९३३ च्या अभ्यासक्रमात मात्र तो कोष्टकबद्ध व्यायामपाठांचा स्वतंत्र विषय होता. यावरून वर्धा योजनेत शरीराची उपेक्षा झाली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तिच्यात देहश्रम हेच शिक्षणाचे माध्यम होते. तथापि श्रम म्हणजे व्यायाम नव्हे. शेतीकामात सर्वांग राबते. परंतु तकलीवर सूत कातणारे मूल बसूनच राहते, धावणे वा उडी मारणे त्यातून साधत नाही. म्हणून मिनिटांची तुलना करण्यापूर्वी कोणत्या हालचाली कोणत्या कामातून घडतात, हे तपासणे अगत्याचे आहे.