गरम तळ्यात डायव्हरची फजिती, आणि धंद्याचा हिशोब

समुद्र नाही, बघायला मासे नाहीत, बाहेर बर्फ पडतोय, आणि तरी लोक पैसे भरून स्कूबा डायव्हिंगला येतात. असा धंदा चालेल? अमेरिकेत, युटा राज्यातल्या मिडवे गावी तो उभा राहिला. जागेचं नाव होमस्टेड क्रेटर. चुनखडीचा ५५ फूट उंच घुमट आणि त्याच्या पोटात सुमारे ६५ फूट खोल तळं. पाणी जमिनीतल्या उष्णतेनं तापलेलं, बारा महिने ३२ ते ३५ अंश. पूर्वी घुमटाच्या वरच्या भोकातून दोरानं उतरावं लागायचं. १९९६ मध्ये रिसॉर्टनं खडकातून आडवा बोगदा पाडला आणि गिऱ्हाईक चालत पाण्यापाशी पोचलं.

आता फजितीकडे येऊ.

समुद्रात डायव्हिंग शिकलेला माणूस, समजा आपल्या तारकर्लीचाच, अशा तळ्यावर येतो. कमरेला नेहमीचंच वजन बांधतो. पण तळ्याचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के हलकं! माणूस आणि सामान मिळून शंभर किलो धरा, म्हणजे अडीच किलो वजन जास्तीचं झालं. त्यात पाणी गरम म्हणून वेटसूट काढून ठेवलेला. तो सूट तरंगायला मदत करतो, तोही आधार गेला. मग काय, गडी दगडासारखा खाली. तळाला जाड गाळ. धप्प! त्यानंतर आजूबाजूच्या कुणालाच काही दिसत नाही.

दुसरा याच्या उलट. "बाहेर बर्फ आहे ना!" म्हणून जाड सूट चढवून उतरतो आणि पाण्यात असून घामाघूम होतो. तिसऱ्याचा मास्क गाडीत गारठलेला. घुमटातल्या दमट हवेत आल्याबरोबर काचेवर वाफ धरते, चहा पिताना चष्म्यावर धरते तशी. यावर जुना उपाय म्हणजे काचेला आतून थुंकी लावून धुवायची. हे ऐकल्यावर नव्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. शिवाय पाण्याखाली वस्तू जवळ भासते, त्यामुळे दोर पकडायला हात जातो आणि मुठीत नुसतं पाणी येतं.

बघा, यातली एकही फजिती नवी नाही. उद्याही हेच होणार. सहा जणांच्या बॅचमध्ये प्रत्येकामागे दहा मिनिटं गेली तर तुमचा एक तास गेला, म्हणजे पुढची बॅच गेली. म्हणून वजन काठाजवळच तपासायचं. जॅकेटमधली हवा काढून, साधा श्वास घेऊन स्थिर राहिल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. बुडाला तर वजन कमी करा. दोन मिनिटांचं काम आहे.

हसण्याला मात्र हद्द आहे. घाबरलेला माणूस श्वास रोखून झपकन वर आला तर फुप्फुस फाटू शकतं. समुद्रात १० मीटरवरून वर येताना आतली हवा दुप्पट होऊ पाहते. ३०० मीटरपेक्षा उंचावरच्या तळ्यांसाठी डायव्हिंगचा हिशोबही वेगळा करावा लागतो, आणि मिडवे तर त्याच्या कितीतरी वर आहे.

ज्याला तुमच्या पोरांनी काठावर हसून घेतलं, तो खाली कान दुखला तरी सांगत नाही. मला यातली खरी जोखीम हीच वाटते. गिऱ्हाइकाच्या फजितीचा रील न विचारता टाकणाऱ्यांना तर मी धंदेवाले म्हणतच नाही.

मग करायचं काय? सुरुवातीला तुमच्याच माणसानं पायात फिन्स घालून सरळ चालून दाखवावं आणि मुद्दाम धडपडावं. मग उलट पावली चालून दाखवावं. सगळे त्याला हसतील. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच विचारेल, "दादा, माझं नाक चोंदलंय, चालेल का?"

नाही चालणार. त्याला आज पाण्यात सोडायचं नाही, पुढची तारीख द्यायची. पैसे जास्तीचे घ्यायचे नाहीत.